अळणी बंदर

बंदर आपल्याला डोळ्यांच्या आधी नाकानं कळतं. ओल्या जाळ्यांचा वास, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, डिझेलचा वास आणि या सगळ्यावरून येणारा खारा वारा. मी हर्णैचा. दापोली तालुक्यातलं हे बंदर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. निदान तिथला मासळीचा लिलाव आणि समोर पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग तरी. त्यामुळे बंदर म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती. २०२३ च्या जूनमध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, ती समजूत एका दिवसात बदलली. त्या दिवसाची हकीकत आज सांगणार आहे.

माझी मुलगी अनघा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिस शहराजवळ राहते. तिची आई २०२१ मध्ये गेली. विमानं बंद, निर्बंध कडक, त्यामुळे शेवटच्या दिवसांत तिला येता आलं नाही. पुढे दोन वर्षं ती मला बोलावत होती आणि मी काही ना काही सबब सांगत होतो. अखेर मे महिन्याच्या शेवटी मी गेलो. घर मोठं, जावई मनमिळाऊ, नात गोड. पण एक प्रश्न त्या घरात आमच्याबरोबर जेवायला बसायचा आणि कुणीच त्याला पान वाढत नव्हतं. मी आता तिथंच राहावं, हर्णैचं घर बंद करावं, असं अनघाच्या मनात होतं. ती बोलत नव्हती. मला ते कळत होतं, म्हणून मीही बोलत नव्हतो. असे तीन आठवडे गेले.

मग एका शुक्रवारी ती म्हणाली, "बाबा, चला, तुम्हाला एक बंदर दाखवते."

मी म्हटलं, "इथं कुठलं बंदर? समुद्र तर हजार कोस लांब."

"तळ्यावरचं बंदर आहे," ती म्हणाली.

तळं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ठाण्याचा तलावपाळी आला. तिथं बदकाच्या आकाराच्या होड्या असतात. मी मनात हसलो आणि गाडीत बसलो. नातीचं उन्हाळी शिबिर होतं, म्हणून जावई आणि ती घरीच राहिले. आम्ही दोघंच निघालो. बाप-लेक दोघांनीच असा प्रवास करण्याची गेल्या वीस वर्षांतली ती पहिलीच वेळ.

मिनिआपोलिसहून उत्तरेला डुलूथ शहरापर्यंत गेलं, की उतारावरून एकदम पाणी दिसतं. हे लेक सुपीरियर. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या महाराष्ट्राचे चार तुकडे केले, तर एका तुकड्यापेक्षा हे तळं मोठं. सर्वांत खोल जागी ४०६ मीटर. जगाच्या पाठीवर जेवढं गोडं पाणी उघड्यावर, द्रवरूपात आहे, त्याचा सुमारे दहावा हिस्सा या एका तळ्यात आहे. तिथले मूळ रहिवासी, ओजिब्वे किंवा अनिशिनाबे लोक, त्याला गिचीगामी म्हणतात. म्हणजे मोठा समुद्र. पलीकडचा काठ दिसत नाही. मी अनघाला म्हटलं, "याला तळं म्हणणारा माणूस मला भेटायला हवा."

डुलूथपासून तळ्याच्या काठाकाठानं ६१ क्रमांकाचा रस्ता ईशान्येला जातो. वाटेत स्प्लिट रॉक नावाचा एक दीपगृहाचा कडा लागतो. १९०५ च्या नोव्हेंबरमधल्या वादळात या तळ्यावर अनेक जहाजांची वाताहत झाली, त्यानंतर १९१० मध्ये हे दीपगृह उभं राहिलं. १९६९ मध्ये ते सेवेतून निवृत्त झालं. पण वर्षातून एकदा, १० नोव्हेंबरला, त्याचा दिवा मुद्दाम लावतात. १९७५ मध्ये त्या तारखेला 'एडमंड फिट्झजेराल्ड' नावाचं २२२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज याच तळ्यात बुडालं. लोहखनिजाच्या गोळ्या घेऊन ते डेट्रॉइटकडे निघालं होतं. वादळ वाढलं तेव्हा ते व्हाइटफिश उपसागराच्या आसऱ्याला धावत होतं. आसरा साधारण २७ किलोमीटरवर राहिला. जहाजावरचे २९ जण गेले, एकही वाचला नाही. त्या दिवशी स्प्लिट रॉकवर त्यांची नावं वाचतात आणि प्रत्येक नावाला घंटेचा एक टोला देतात. शेवटी एक जादा टोला, पाण्यात गेलेल्या बाकी सगळ्यांसाठी.

हे सगळं अनघानं सांगितलं. सांगताना तिचा आवाज थोडा बदलला, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आम्ही मुक्कामाला पोहोचलो ते गाव म्हणजे ग्रँड मरे. नाव फ्रेंच, शेवटचा 'स' उच्चारायचा नाही. अर्थ 'मोठी दलदल'. वस्ती जेमतेम साडेतेराशे. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण असूनही आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या वाडीएवढं गाव. पाठीशी झाडांनी भरलेला डोंगर, पुढ्यात वाटीसारखं बंदर, आणि वाटीच्या तोंडाशी पांढरा दीपस्तंभ.

सकाळी पाचलाच उजाडलं. सवयीप्रमाणे मी उठून बंदरावर गेलो. तुम्ही किनाऱ्यावरची माणसं असाल, तर तुम्हालाही ही सवय असेल: बंदरावर गेल्यावर प्रथम भरती आहे की ओहोटी, हे पाहायचं. मी वाळूवर पाण्याची रेघ शोधू लागलो. कालच्या भरतीनं आणून टाकलेला केरकचरा, शेवाळ, शिंपल्यांची ओळ, असं काहीतरी असतं ना? काहीच नव्हतं. गोट्यांचा किनारा होता आणि पाणी जिथल्या तिथं होतं. मग धक्क्याला बांधलेल्या होड्यांकडे गेलो. दोऱ्या आखूड आणि ताठ. आपल्याकडे अशी होडी बांधली, तर ओहोटीला ती टांगून राहील. आपला खलाशी दोरीला ढील ठेवतो, कारण कोकणात पाणी दिवसातून दोनदा पुरुषभर चढतं आणि उतरतं. इथं भरती-ओहोटी आहे म्हणतात, पण ती चार-पाच सेंटिमीटरसुद्धा नाही. वाऱ्यानं आणि हवेच्या दाबानं पाणी या काठाकडून त्या काठाकडे हिंदकळतं, तेवढाच काय तो चढउतार.

आणि वास? वासच नाही. वारा होता, लाटा होत्या, गल होते, दीपस्तंभ होता, पण समुद्राचा वास नव्हता. मी वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. जूनच्या अखेरीसही पाणी फ्रीजमधल्यासारखं गार, आणि गोडं. ६८ वर्षं बंदराच्या पाण्याची जी चव मनात होती, ती तिथं नव्हती. मीठ विसरलेल्या आमटीसारखं ते बंदर मला अळणी वाटलं.

मागून अनघा आली. तिच्या हातात कागदी पुडा. त्या गावात १९६९ पासून चालत आलेलं डोनटचं एक छोटं दुकान आहे आणि त्याचं नावच मुळी 'जगातले सर्वोत्तम डोनट'. सकाळी लवकर जावं लागतं, नंतर रांग लागते. गुळाच्या पाकातल्या अनारशाची सर त्याला नाही, पण त्या थंडीत गरम कॉफीबरोबर ते बरं लागलं, हे कबूल करतो. आम्ही बाकावर बसून खाल्लं. कुठं जायची घाई नव्हती. मला आठवलं, अनघा लहान असताना मी तिला रविवारी असंच बंदरावर न्यायचो. ती चणे खायची आणि मी पेपर वाचायचो. त्या दिवशी पेपर नव्हता, एवढाच फरक.

मग आम्ही खडकांवर गेलो. गावापासून पाण्यात शिरलेली एक जिव्हा आहे, तिला आर्टिस्ट्स पॉइंट म्हणतात. काळा कातळ. मी पाय ठेवला आणि थबकलो. हा तर आपला दगड! बेसॉल्ट, अग्निजन्य खडक. आपला सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांचा बनला, तसेच थर. फरक वयाचा. आपले थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आणि हे सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचे. त्या काळी हा खंड मधोमध फाटायला लागला होता. फाटीतून लाव्हा वर आला आणि पुढे ती फाट थांबली. आपला सह्याद्री या दगडापुढे कालचं पोर. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत जशी गारगोटी, अकीक सापडतो, तसाच इथंही सापडतो. तांबूस पट्ट्यांचा अकीक हे मिनेसोटा राज्याचं अधिकृत रत्न आहे. किनाऱ्यावर दोन-तीन मुलं खाली मान घालून गोटे चाळत होती. अर्धा तास मीही चाळले. एक सापडला, सुपारीएवढा. अनघा म्हणाली, "बाबा, घरी देवापुढे ठेवा." कुठल्या घरी, ते ती बोलली नाही.

दुपारी ऊन चढल्यावर आम्ही दीपगृहाच्या रखवालदाराच्या जुन्या घरात गेलो. १८९६ चं हे लाकडी घर आता जिल्ह्याच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. तिथं मला त्या बंदराची गोष्ट कळली. हे बंदर मुळात मालासाठी बांधलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारनं इथं लाटा अडवणारी भिंत घातली, ती वादळात सापडलेल्या जहाजांना आत शिरता यावं म्हणून. असल्या बंदराला त्यांच्याकडे वेगळं नाव आहे. आपल्या भाषेत आसऱ्याचं बंदर म्हणू या. या किनाऱ्यावर सरळसोट कडे आहेत. मैलोन् मैल आत शिरायला जागा नाही. त्यात ही एक वाटी.

मी ते वाचत उभा राहिलो. हर्णैची माणसं हे वाचताना का थांबतील, ते सांगतो. आमच्या हर्णैला बंदर म्हणतात खरं, पण मोठ्या वादळात तिथं होड्यांना आसरा नसतो. माझ्या लहानपणी मुंबईची बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून हेलकावे खात किनाऱ्याला यायची. वादळाची बातमी आली, की नाखवे होड्या हाकून आंजर्ल्याच्या खाडीत नेतात, नाहीतर थेट जयगडला. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ज्याला समुद्र कळतो तो आधी खाडी गाठतो, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगत.

संग्रहालयातून निघताना आणखी एका माणसाची ओळख झाली. मी ३६ वर्षं टपाल खात्यात होतो, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे ही ओळख मला जवळची. जॉन बेअरग्रीस हे त्याचं नाव. तो ओजिब्वे होता, एका टोळीप्रमुखाचा मुलगा. हा रस्ता झाला नव्हता तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत, टू हार्बर्स गावापासून ग्रँड मरेपर्यंतच्या सुमारे १३० किलोमीटरच्या पट्ट्यात तो टपाल पोहोचवायचा. उन्हाळ्यात वल्ह्यांची होडी, हिवाळ्यात कुत्र्यांची घसरगाडी. गाडीला घंटा बांधलेल्या असत. त्या ऐकल्या, की लोकांना कळे, पत्रं आली. आपल्याकडे डाकवाल्याच्या भाल्याला घुंगरू असत, तसंच हे. १९१० मध्ये तो गेला. आजही दर हिवाळ्यात त्याच्या नावानं कुत्र्यांच्या घसरगाड्यांची मोठी शर्यत होते. माझ्या मनात आलं, त्या काठावर कितीतरी आया नुसत्या घंटेकडे कान लावून बसल्या असतील. पत्रात काय आहे, हे नंतर. आधी पत्र येतंय, हेच महत्त्वाचं.

जेवायला आम्ही बंदरावरच्या मासळीच्या दुकानात गेलो. तळलेला हेरिंग आणि धुरावलेला ट्राउट घेतला. खरा हेरिंग आपल्या तारलीच्या जातकुळीतला. हा नावाचाच हेरिंग, मुळात ट्राउटच्या कुळातला. काटे कमी, चव सौम्य. मी मालवणी मसाल्याची आठवण काढली, अनघानं पर्समधून तिखटाची डबी काढली. तेवढ्यावर आमचं जेवण झकास झालं.

त्या मासळीमागेही एक कथा आहे. या गावात नॉर्वेहून आलेले कोळी स्थायिक झाले आणि एकेकाळी या तळ्यात ट्राउट एवढा होता, की तो कधी संपेल असं कुणाला वाटलं नाही. मग लॅम्प्रे आला. वामेसारखा दिसणारा, पण जबडा नसलेला हा जीव मूळचा अटलांटिक महासागरातला. गोल तोंड माशाच्या अंगाला चिकटवतो आणि रक्त शोषतो. एक लॅम्प्रे आपल्या आयुष्यात १८ किलोपर्यंत मासे मारू शकतो. नायगाराचा धबधबा त्याला अडवत होता. माणसानं जहाजांसाठी धबधब्याला वळसा घालून कालवा काढला आणि त्याला वाट मिळाली. १९३८ मध्ये तो सुपीरियरमध्ये सापडला. आधीच मासेमारी बेसुमार झाली होती, त्यात हा. १९५० च्या दशकात ट्राउटची मासेमारी कोसळली. जाळी वळचणीला लागली.

पण लोक गप्प बसले नाहीत. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५४ मध्ये करार केला. शास्त्रज्ञांनी हजारो रसायनं तपासली. त्यांतलं एक असं निघालं, की नद्यांत योग्य प्रमाणात सोडलं तर लॅम्प्रेची पिल्लं मरतात आणि बाकीचे मासे बहुतांशी वाचतात. १९५८ पासून ते वापरात आहे. हे काम एकदा करून संपत नाही, ते करतच राहावं लागतं. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे त्यात खंड पडला, तर लॅम्प्रे पुन्हा वाढला. मला ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक मच्छीमार सोसायटीत सांगावीशी वाटते. माशांचा दुष्काळ दैवानं येतो, असं म्हणून आपण हात जोडतो. तिथं हात जोडले नाहीत, म्हणून माझ्या ताटात ट्राउट होता.

दुपारची झोप मी तिथंही सोडली नाही. बाकावरच डुलकी काढली. नंतर गावातून रमतगमत फिरलो. मासेमारी गेली तेव्हा या गावानं दुसरे उद्योग शोधले. १९४७ मध्ये बर्नी क्विक या चित्रकार-शिक्षकानं इथं उन्हाळी चित्रशाळा सुरू केली. ती अजून चालते. १९९७ मध्ये बंदरालगत एक लोकशाळा निघाली. तिथं मोठी माणसं येऊन लाकडी होडी बांधायला, पाव भाजायला, विणायला शिकतात. एका छपराखाली सत्तरीची एक बाई फळीला रंधा मारत होती. मला म्हणाली, होडी पूर्ण करायला बराच काळ लागेल, पण मला घाई नाही. मी बराच वेळ ते रंधा मारणं बघत राहिलो.

संध्याकाळी अनघानं गाडी काढून गावाबाहेर मैल-दीड मैलावर नेलं. रस्त्याच्या कडेला एक लहानसं लाकडी चर्च. १८९५ मधलं. इथं ओजिब्वे लोकांचं गाव होतं, चिपेवा सिटी नावाचं. १८५४ च्या करारानं हा सारा किनारा त्यांच्या हातून गेला होता. पुढे हळूहळू माणसं पांगली, घरं गेली. चर्च तेवढं उरलं. इतिहास मंडळानं ते नीट जपलं आहे, दार रंगवलेलं आहे, गवत कापलेलं आहे. पण भोवती गाव नाही. मी पायरीवर बसलो आणि माझं हर्णैचं घर डोळ्यांपुढे आलं. आजोबांनी बांधलेलं कौलारू घर, मागे नारळ-पोफळींची वाडी. कुलूप लावून आलो होतो. घर नुसतं जपलं म्हणजे काय होतं, ते मी तिथं पाहत होतो.

सूर्य नऊनंतर मावळतो तिथं. आम्ही दीपस्तंभाकडे जाणाऱ्या भिंतीवर चालत गेलो. एका बाजूला बंदरातलं शांत पाणी, दुसऱ्या बाजूला तळ्याच्या लाटा. मध्ये फक्त तेवढी भिंत. टोकाला बसलो. १९२२ चा तो दीपस्तंभ डोक्यावर लुकलुकायला लागला होता.

मीच सुरुवात केली. म्हटलं, "अनघा, मला इथं कायमचं राहायला जमणार नाही."

ती म्हणाली, "मला माहीत आहे, बाबा."

मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही राहावं असं नाही हो. मला तीन जून सांगायचाय."

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं. आमच्याकडेही वाड्या झोपल्या. माझी ४२ झाडं गेली, अर्धी कौलं उडाली. मी आणि तिची आई माजघरात कॉटखाली बसून होतो. नंतर कितीतरी दिवस वीज नाही, फोन नाही. हा प्रसंग मी अनेकांना रंगवून सांगितला आहे, विनोद करून. अमेरिकेत तिच्या मित्रमंडळींनाही सांगितला होता, आदल्याच आठवड्यात. सगळे हसले होते.

"आदल्या रात्री मी तुम्हाला तीनदा सांगितलं," ती म्हणाली. "काकांकडे वर दापोलीला जा. त्यांचं घर स्लॅबचं आहे. तुम्ही म्हणालात, आजोबांनी बांधलेलं घर आहे, त्याला काय होतंय. मग नऊ दिवस फोन लागला नाही. नऊ दिवस, बाबा. मी उपग्रहाची चित्रं मोठी करून करून आपलं छप्पर शोधत होते. ढगच दिसत होते."

मी काही बोललो नाही, कारण मला बिपरजॉय आठवलं. त्याच महिन्यात, दोन आठवड्यांपूर्वी, अरबी समुद्रात ते वादळ होतं. मी मिनिआपोलिसच्या दिवाणखान्यात सोफ्यावर बसून फोनवर त्याचा नकाशा पाहत होतो. आपल्याकडे सकाळ, तिकडे रात्र. शेजारच्या गोविंदाला फोन लावला, लागला नाही. तासाभरानं लागला. तो म्हणाला, दर्याला उधाण आहे, बाकी काही नाही. पुढे ते वादळ कच्छकडे गेलं. पण त्या एका तासात मी पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो. आणि हिनं नऊ दिवस काढले होते. त्यानंतर वर्षभरात आई गेली, तेव्हाही ती फोनच्या याच टोकाला होती.

मी तिला म्हटलं, "आपले नाखवे काय करतात, आठवतं का तुला?"

"आंजर्ल्याच्या खाडीत जातात."

"मग मीही जाईन," मी म्हटलं. "इशारा आला, की दापोली. घर घरी राहील. दरवर्षी उन्हाळ्यात तुझ्याकडे येईन. बाकीचा वेळ हर्णैला. पण वादळात खाडी. हे कबूल."

तिनं माझा हात धरला. लहानपणी होडीत चढताना धरायची तसा. खूप वेळ आम्ही तिथं बसलो. एक शिडाची होडी उशिरा आत आली. भिंतीच्या बाहेर ती नाचत होती, तोंडातून आत शिरली आणि एकदम शांत झाली. त्यातल्या माणसानं आमच्याकडे पाहून हात हलवला. आम्हीही हलवला. सकाळी मला ते बंदर अळणी वाटलं होतं. आता त्याचं काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. ऑगस्टमध्ये मी हर्णैला आलो. तो अकीक देवघरात आहे, आमच्या घरी. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अनघानं मला एक बातमी पाठवली: लेक सुपीरियरच्या बहुतेक भागांत ट्राउट पूर्ववत झाला आहे, असं त्या दोन देशांच्या मत्स्य आयोगानं जाहीर केलं होतं. त्याला इतकी वर्षं लागली. मी ती बातमी बंदरावरच्या चहाच्या टपरीवर वाचून दाखवली. ऐकणाऱ्यांपैकी एक नाखवा म्हणाला, "मास्तर, आपल्याकडे कधी सुरू करायचं?" त्याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण प्रश्न विचारला गेला, हे काही कमी नाही.

आणि कबूल केल्याप्रमाणे मी दोनदा दापोलीला गेलो. दोन्ही वेळा तांबडा इशारा होता, मी पिशवीत दोन धोतरं, औषधं आणि घराची कागदपत्रं भरली आणि एसटीनं वर गेलो. दोन्ही वेळा भरपूर पाऊस पडला, बाकी काही झालं नाही. वहिनी हसल्या. म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही हल्ली ढग बघून पळता." मी म्हटलं, "पळतो खरा."

दोन्ही वेळा एसटीतून उतरल्यावर मी पहिलं काम तेच केलं. चष्मा लावला आणि अनघाला फोनवर तीन शब्द लिहून पाठवले: होडी खाडीत आहे.

तिकडे रात्रीचे दोन वाजले असतील. दोन्ही वेळा उत्तर मिनिटाच्या आत आलं.